पऱ्यात पंप धुतला, खाडीत कोळंबी मेली : रत्नागिरीच्या आसपास आपण काय करू शकतो?

खाडीकाठ (२१ फेब्रुवारी, रात्री ९:४०)

हा धागा चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला. ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं माझ्याच वाडीतली. उद्या एसटीच्या थांब्यावर भेटणार, गणपतीला आरतीला येणार. म्हणून वाडीचं नाव लिहीत नाही, आणि कुणी ओळखलंच तर कृपया इथे लिहू नका. काजळी नदीची जिथून भाट्याची खाडी व्हायला लागते त्याच्या आसपास, एवढं पुरे.

आठ तारखेची सकाळ. सात वाजले असतील. सासूबाई परड्यातून हाका मारायला लागल्या, "बाय, पऱ्यावर ये आधी!" आमच्या आगराच्या खालच्या अंगाने पऱ्या वाहतो. ह्या दिवसांत घोटाभर पाणी, पण भरतीला खाडी तिथवर चढते. त्यामुळे बोयटं, कोळंबीची पिल्लं, चिपीच्या मुळांत निवट्या असं सगळं त्यात असतं. गेले तर दगडांच्या कपारीत पांढरा फेस साचलेला आणि रॉकेलसारखा वास. नखाएवढी कोळंबी ओळीने कडेला लागलेली. एक कुर्ली उताणी पडून पाय हलवत होती. सासूबाई तिच्याकडेच बघत उभ्या. ह्या पऱ्यावर त्यांनी पन्नास वर्षं कपडे धुतले आहेत.

वरच्या आंब्याच्या कलमांत आदल्या संध्याकाळी फवारणी झाली होती. दोनशे लिटरचं पिंप आणि पंपाची नळी पऱ्यात धुतली होती. काठावर दोन रिकाम्या बाटल्या, एकीवर पिवळा त्रिकोण, दुसरीवर निळा. धुणारा मुलगा विशीतला, नेपाळहून राखणीला आलेला. पायात स्लीपर, तोंडाला ओला टॉवेल, हात उघडे. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, "दीदी, पानी में कुछ हुआ क्या?" तो त्याच पऱ्याच्या वरच्या झऱ्याचं पाणी पितो.

त्या दिवशी दोन कार्यालयांना फोन केले. एकाने सांगितलं हा शेतीचा विषय, दुसऱ्याने सांगितलं हा पाण्याचा विषय. पाचव्या दिवशी एक गृहस्थ येऊन प्लास्टिकच्या बाटलीत पाणी घेऊन गेले. तोवर दहा भरत्या येऊन गेल्या होत्या. काल कळलं, सगळं मर्यादेत आहे.

मला कुणाला तुरुंगात धाडायचं नाही. पण पुढच्या फवारणीला हेच होणार आहे. तुमच्याकडे असं झालं आहे का? कुणी काही केलं, जमलं, फसलं, ते सगळं लिहा.

पागवाला (२१ फेब्रुवारी, रात्री १०:२५)

ताई, बरं केलंत लिहिलंत. मी राजिवड्याच्या बाजूचा. आमच्या घरात तीन पिढ्या खाडीत पागतात, म्हणजे फेकजाळं टाकून मासे धरतात. वडील सांगतात, पूर्वी एका ओहोटीत घरापुरतं आणि शेजाऱ्यापुरतं सुटायचं. आता पाग टाकला की आधी प्लास्टिक येतं. बायका तिसऱ्या काढायला जातात त्यांच्या हातापायांना खाज सुटते. डॉक्टर मलम देतो, कारण कोण विचारणार?

माझी सासुरवाड दाभोळ खाडीकाठी. तिथलं दुखणं ह्याच्यापेक्षा जुनं आणि मोठं. वर लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत. चिपळूणची वाशिष्ठी आणि खेडची जगबुडी एकत्र येऊन जी खाडी होते, तिच्यात वर्षानुवर्षं मासे मरून वर आलेले लोकांनी पाहिले, पेपरात फोटो आले, निवेदनं झाली, मोर्चे झाले. सासरे म्हणतात, प्रत्येक वेळी साहेब येतात तेव्हा पाणी निवळलेलं असतं. तुमच्या दहा भरत्यांचा हिशोब वाचून तेच आठवलं.

एक मात्र सांगतो. नुसत्या बागांवर घालू नका. शहराचे नाले कुठे जातात तेही बघा. मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या काही ठिकाणांहून रात्री काय सुटतं त्याचा वास बंदरावर झोपणाऱ्याला कळतो.

हापूस_पावस (२२ फेब्रुवारी, सकाळी ६:५०)

मी बागायतदार आहे. साडेचारशे कलमं, त्यातली निम्मी वडिलांच्या हातची. धागा वाचला, राग आला, मग पुन्हा वाचला.

पऱ्यात पंप धुणं चूक आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

पण आम्ही फवारतो ते हौसेने नाही, हेही वाचा. पालवी आली की तुडतुडा, मोहर आला की भुरी आणि करपा, कणी धरली की फुलकिडे, फळ तयार व्हायला लागलं की फळमाशी. मध्येच मळभ येतं, अवकाळी पडतो, आणि आदल्या दिवशी मारलेलं धुऊन जातं. दापोलीच्या विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आहे, चांगलं आहे, मी वडिलांच्या काळापासून बघतो आहे. त्यात मोहर येण्याआधीच्या पहिल्या फवारणीला डेल्टामेथ्रिन दहा लिटर पाण्याला ९ मिली सांगितलं आहे. प्रत्यक्षात काय होतं? फुलकिडे हटत नाहीत म्हटलं की दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र करून देतो. माणूस झाकणाने मापतो. पाच फवारण्या झाल्या की सहावी, सहावी झाली की आठवी. किडीला सवय होते, आमचं कर्ज वाढतं.

आणि एक गोष्ट जी बागायतदार उघड बोलत नाहीत. निम्म्या बागा आता कराराने जातात. ज्याने मोहर विकत घेतला त्याला ह्या एका हंगामाचं फळ हवं असतं. त्याचं कलमाशी नातं नाही, पऱ्याशी तर नाहीच. मोहर लवकर यावा म्हणून बुंध्यात कल्टार ओततो, मिळेल ते मारतो, मे महिन्यात हिशोब करून निघून जातो. मालक मुंबईला. ताई, तुमच्या वरची बाग कराराची आहे का ते बघा. मी पैज लावतो.

डोंबिवलीकर_गाव_गणपतीपुळे (२२ फेब्रुवारी, दुपारी १२:१५)

वाचून तळमळ झाली. मला वाटतं आता मोर्चाच हवा. रत्नागिरीने हे आधी करून दाखवलं आहे. १९९३ मध्ये तांबं शुद्ध करणारा मोठा प्रकल्प इथे येऊ घातला होता. आंब्याला आणि मासळीला धोका म्हणून बागायतदार आणि मच्छीमार एकत्र रस्त्यावर उतरले, काम थांबलं आणि सरकारला परवानगी मागे घ्यावी लागली. तोच प्रकल्प पुढे तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. २०१८ च्या मे महिन्यात तिथल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, १३ माणसं गेली. आपल्या लोकांनी तेव्हा कंबर कसली नसती तर काय झालं असतं ह्याचा विचार करवत नाही.

मुंबईत राहणाऱ्या आम्ही सगळ्यांनी ठरवलं की औषध मारलेला आंबा घेणार नाही, तर दोन हंगामांत फरक पडेल. पेटीवर लिहायला लावा.

हापूस_पावस (२२ फेब्रुवारी, दुपारी १:०५)

साहेब, १९९३ ला माझे वडील त्या मोर्चात होते. मी तेव्हा शाळेत होतो, घरून भाकऱ्या बांधून गेल्या होत्या. पण तेव्हा समोर बाहेरून येणारा कारखाना होता. आज समोर मी आहे, आणि पलीकडे पागवाले दादा. आमची भांडणं लावून मोर्चा काढाल तर कोण जिंकणार?

बहिष्काराचं म्हणाल, तर २०१४ च्या मे महिन्यात युरोपने फळमाशीच्या कारणाने भारतीय आंबा बंद केला तेव्हाचं आठवा. जानेवारी २०१५ ला बंदी उठली, पण तो हंगाम गेला तो गेलाच. मार त्यांनाच बसला ज्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. ज्याने बेसुमार मारलं त्याने माल वाशीला ओतून पैसे केले.

शिरगाव_मत्स्य (२२ फेब्रुवारी, रात्री ८:३०)

माझं शिक्षण शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात झालं, आता नोकरी दुसरीकडे. दोन गोष्टी सविस्तर लिहितो, कारण ह्याच ठिकाणी दर वेळी लोक हरतात.

पहिली, मासे कशाने मेले ते बघूनच बरंच कळतं. पाण्यातला प्राणवायू संपला की मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात, मोठे आधी मरतात. सांडपाण्याने, मळीने, कुजलेल्या कचऱ्याने हे होतं. कीटकनाशक असेल तर चित्र वेगळं. लहान आधी जातात, आणि कोळंबी, कुर्ल्या, पाण्यातले किडे सगळ्यांत आधी. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही जी पायरेथ्रॉइड गटातली औषधं, ती किड्याच्या मज्जातंतूंवर काम करतात, आणि कोळंबी-कुर्ली ही किड्यांचीच चुलत भावंडं. माणसाच्या मानाने माशाला आणि कोळंबीला ही औषधं फार कमी मात्रेत मारतात. खाडीकाठताईंनी लिहिलेली उताणी पडून पाय हलवणारी कुर्ली आणि कडेला लागलेली कोळंबी हे वर्णन त्यातच बसतं. पुरावा नव्हे, पण कुठे बघायचं ते कळतं.

दुसरी, "मर्यादेत आहे" म्हणजे काय ते विचारा. नेहमीच्या तपासणीत सामू (पाणी किती आंबट ते), बीओडी आणि सीओडी (घाण पाण्यातला किती प्राणवायू खाईल त्याची मापं), तरंगते कण, तेल-ग्रीस एवढं असतं. कीटकनाशकाचा अंश त्यात नसतोच. त्यासाठी वेगळी तपासणी लागते, वेगळं यंत्र लागतं, आणि ती लेखी मागावी लागते. जे शोधलंच नाही ते सापडलं नाही, ह्याला मर्यादेत म्हणत नाहीत.

नमुना घ्यायचा तर काचेच्या गडद बाटलीत, काठोकाठ भरून, बर्फात. प्लास्टिकला काही औषधं चिकटून राहतात. ताजे मेलेले मासे आणि कोळंबी वेगळे बर्फात ठेवा, चिखलाचाही नमुना घ्या, कारण पायरेथ्रॉइड पाण्यात फार टिकत नाहीत, गाळाला धरून बसतात. पाणी दहा भरत्यांनी वाहून जातं, गाळ इतक्या लवकर जात नाही. वेळ, भरती की ओहोटी, वारा, वास, सगळं जागेवरच वहीत लिहा आणि फोटो काढा.

मांडवीची_पोर (२२ फेब्रुवारी, रात्री ८:५२)

+१. हा प्रतिसाद छापून वाडीवाडीत लावायला हवा.

परिचारिका (२३ फेब्रुवारी, पहाटे ५:१०)

रात्रपाळी संपवून लिहिते आहे. सगळे माशांबद्दल बोलता आहात, मला त्या मुलाबद्दल बोलायचं आहे.

फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे असे रुग्ण येतात. मळमळ, डोकं जड, घाम. नोंद काय होते? "उलट्या, अशक्तपणा." सलाइन लावून परत. कुणी विचारत नाही की काल काय मारलंत, बाटली कुठे आहे. मी विचारायला लागले तेव्हा कळलं की बहुतेकांना औषधाचं नाव माहीत नसतं, मुकादम पिंपात ओतून देतो. यवतमाळला २०१७ मध्ये कपाशीवर फवारताना विसाहून जास्त माणसं दगावली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हा सगळ्यांना जाग आली. आपल्याकडे एकेक करून येतात, म्हणून जाग येत नाही.

हे लक्षात ठेवा. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तोंडाला फेस, घाम, छाती भरलेली वाटते, तर ते फॉस्फरसयुक्त औषध असू शकतं (क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट हे त्यातले). त्याला अॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं, ते वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो. पायरेथ्रॉइडला असा उतारा नाही, लक्षणांप्रमाणेच उपचार करावे लागतात. म्हणून बाटली किंवा तिचं लेबल दवाखान्यात घेऊन यायचंच. आणि आधी कपडे काढून साबणाने अंग धुवायचं. दूध पाजू नका, मीठ घालून उलटी काढू नका. हे मी दर वर्षी सांगते, दर वर्षी कुणीतरी ताक पाजून आणतो.

त्रिकोण वाचायला शिकवा. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. खाडीकाठताईंनी लिहिलेला पिवळा म्हणजे वरून दुसरा. हिरव्याला लोक औषधच मानत नाहीत, पाण्यासारखं हाताने ढवळतात.

वकीलकाका (२३ फेब्रुवारी, सकाळी १०:४०)

दोन कार्यालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, म्हणून कायदा सांगतो. दोघांचाही विषय आहे.

कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. रिकाम्या बाटल्या, उरलेलं औषध आणि धुवण ह्यांची विल्हेवाट पाणी किंवा परिसर दूषित होणार नाही अशीच लावायची, हे नियम ४४ मध्ये आहे. फवारणाऱ्याला संरक्षक कपडे देण्याबद्दलही नियम आहेत. कायद्याच्या २६ व्या कलमाने विषबाधेच्या घटना कळवणं राज्य सरकार बंधनकारक करू शकतं, परिचारिकाताईंनी ह्याची नोंद घ्यावी. कीटकनाशक निरीक्षक म्हणून कृषी खात्याचेच अधिकारी नेमलेले असतात, तेव्हा "आमचा विषय नाही" हे चालणार नाही. पाण्याचा कायदा १९७४ चा. त्याच्या २४ व्या कलमाने ओढ्यात किंवा विहिरीत विषारी, प्रदूषण करणारं काही जाणूनबुजून सोडायला मनाई आहे. ओढा लहान आहे, फेब्रुवारीत घोटाभर असतो, ह्याने फरक पडत नाही.

ताई, तुम्ही फोन केलात. फोनला आवक क्रमांक नसतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. नंतर माहितीच्या अधिकारात विचारा की नमुना कधी घेतला, कुठे घेतला, कोणत्या घटकांसाठी तपासला, अहवालाची प्रत द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, फार तर साठ दिवस माफ होतात. लोक दोन वर्षं निवेदनं देतात आणि मग माझ्याकडे येतात.

काजूवाली_लांजा (२३ फेब्रुवारी, दुपारी ३:३०)

किनाऱ्यावरची नाही मी, वरची. पण पाणी वरूनच खाली येतं, म्हणून लिहिते.

आमच्याकडे आता गवत काढायला माणूस मिळत नाही म्हणून सड्यावर, बांधावर, काजूच्या बुंध्यात तणनाशक. ग्लायफोसेट आपल्या देशात चहाचे मळे आणि बिगरपीक जागा एवढ्यासाठीच मंजूर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून तर केंद्राने ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच वापरायचं असं बंधन घातलं. तरी पाठीवर पंप घेऊन कुणीही मारतो. शेवटचा हात पावसाच्या तोंडावर. मग मिरगाचा पाऊस येतो. जांभ्याचा कातळ म्हणजे चाळण, पाणी भेगांतून, भोकांतून सरळ विहिरीत. आमची विहीर पहिल्या आठवड्यात तांबडी होते. पूर्वी तो तांबडेपणा मातीचा होता म्हणून आम्ही गाळून पीत होतो.

केरळातल्या कासरगोडचं सगळ्यांनी वाचावं. तोही किनाऱ्याचाच जिल्हा, तीही जांभ्याची टेकाडं, पीकही आमचंच, काजू. सरकारी महामंडळाच्या बागांवर सत्तरच्या दशकापासून हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारत होते, वीस वर्षांहून जास्त. मुलं जन्मतःच आजारी यायला लागली. त्याविरुद्ध १९९८ मध्ये होसदुर्गच्या कोर्टात गेल्या त्या लीलाकुमारी अम्मा, कृषी खात्यातच नोकरी करणाऱ्या. एका बाईने आपल्याच खात्याच्या चालीविरुद्ध उभं राहायचं म्हणजे काय ते आपण बायकांनी ओळखावं. कोर्टाने फवारणी थांबवली. सर्वोच्च न्यायालयाची देशभरची बंदी आली ती मे २०११ मध्ये, आणि २०१७ मध्ये बाधितांना पाच पाच लाख द्यायला सांगितलं. इतकी वर्षं लागली, म्हणून सांगते, वही आजपासून लिहा.

हापूस_पावस (२३ फेब्रुवारी, रात्री ९:१५)

काजूवालीताई, तणनाशकावर माझं तुमच्याशी पूर्ण पटत नाही. माणसाची रोजंदारी आणि ग्रासकटरचं पेट्रोल ह्याचा हिशोब करून बघा, लहान शेतकऱ्याला परवडत नाही. पण विहिरीपासून लांब, आणि पावसाच्या तोंडावर अजिबात नाही, एवढं मी मानतो.

दोन दिवस मी माझ्याच बागेत फिरलो. आमचा पंप कुठे धुतात ते मी इतकी वर्षं विचारलंच नव्हतं. विचारलं. हौदाच्या बाजूला, उतारावर. खाली विहीर आहे. आमचीच.

आज गड्याला घेऊन वरच्या अंगाला, विहिरीपासून लांब, मातीच्या भागात उथळ खड्डा मारला. कातळावर नाही, तिथून सरळ झिरपेल. तळाला माती, वर शेणखत आणि पेंढा. धुवण आधी त्याच पिंपात तीनदा थोड्या थोड्या पाण्याने फिरवायचं आणि तेच पाणी उरलेल्या कलमांवर मारून संपवायचं, खड्ड्यात फक्त शेवटचं. बाटल्या भोक पाडून पोत्यात. पोतं कुठे द्यायचं ते मात्र कुणीच सांगत नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला भंगारवाल्याला द्या. भंगारवाल्याकडून त्या बाटल्यांत काय भरून परत घरात येतं, देव जाणे.

आणि शेवटच्या दोन फवारण्या मी गेल्या वर्षी टाळल्या होत्या, इथे कधी लिहिलं नाही. फळमाशीला विद्यापीठाचे रक्षक सापळे टांगले. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाने नर माशा आत येतात आणि अडकतात. शेजारच्या बागांत नव्हते म्हणून त्रास झाला, पण चालून गेलं. मोहर पूर्ण फुलला असताना तर मारूच नये, सातेरी माश्या आणि साध्या माश्याच फळ धरवतात. वडील म्हणायचे, मोहरावर गुणगुण ऐकू आली नाही तर कणीची वाट बघू नको. माझ्या बागेत ती गुणगुण कमी झाली आहे, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो.

डोंबिवलीकर_गाव_गणपतीपुळे (२३ फेब्रुवारी, रात्री ९:५०)

दादा, माझा मोर्चाचा आग्रह मागे घेतो. इथे बसून बोलणं सोपं आहे. आमच्या गावची बाग गेली सहा वर्षं कराराने दिलेली आहे. करारात फळाचे पैसे आहेत, पाण्याबद्दल एक शब्द नाही. मे मध्ये आलो की नवीन कागद करायचा आहे. त्यात काय लिहायचं ते इथे कुणी सांगेल का?

वकीलकाका (२३ फेब्रुवारी, रात्री १०:३०)

लिहा : फवारलेल्या औषधांची तारीखवार नोंद मालकाला द्यायची. लेबलवर आंब्यासाठी नाव नाही ते वापरायचं नाही. काढणीआधी लेबलवर सांगितलेले दिवस फवारणी बंद. पंप, पिंप ओढ्यात, विहिरीजवळ धुवायचं नाही. कामगाराला हातमोजे, मुखपट्टी, गमबूट करारदाराने द्यायचे. मोडलं तर अनामत जप्त. मसुदा करून देतो, फी नाही. इथे असे जितके चाकरमानी मालक आहेत त्यांनी सगळ्यांनी तोच वापरा.

खाडीकाठ (२ मार्च, रात्री ८:२०)

उशिरा लिहिते आहे. सगळे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले.

हापूसदादा, तुमची पैज तुम्ही जिंकलात. बाग कराराचीच. मालकांचा मुलगा ठाण्याला असतो. त्याला धाग्यातलं नाव-गाव नसलेलं सगळं पाठवलं, फोटोही पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तो लहानपणी ह्याच पऱ्यात खेळलेला. बोलता बोलता गप्प झाला. करारदाराशी बोलतो म्हणाला आणि बोललाही.

रविवारी देवळाच्या सभामंडपात बसलो. अकरा माणसं आली, सात बायका. करारदारही आला, ह्याची मला आशा नव्हती. आधी तो तावातावाने बोलला, की त्याच्यावर चार जणांची देणी आहेत आणि ह्या वर्षी मोहर दोनदा गळला. कुणी त्याला अडवलं नाही. मग सासूबाई उठल्या आणि त्याला म्हणाल्या, "तू खाडीची कोळंबी खातोस ना रे?" एवढंच. त्याने पंप धुवायला वरची जागा दाखवली, खड्डा आम्ही सगळ्यांनी मिळून मारला. मुलाला हातमोजे आणि गमबूट आणले. गमबूट एक नंबर मोठे आले आहेत, पुढे कापूस कोंबून घालतो. आता झऱ्याच्या पाण्याऐवजी आमच्याकडून कळशी भरून नेतो.

सगळं गोड झालं असं नाही. वाडीतली दोन घरं बोलायची बंद झाली आहेत. एकाने विचारलं, आमच्या आंब्याचं नाव खराब करून तुला काय मिळणार? ह्याच आंब्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते इथल्या मातीपाण्यामुळे, हे मी त्याला सांगितलं. ऐकलं नाही. पागवाले दादा म्हणतात त्या नाल्यांचं आणि रात्रीच्या पाण्याचं तर अजून काहीच झालेलं नाही.

लेखी अर्ज दिला, दोन्हीकडची पोच आहे. माहिती अधिकाराचाही टाकला. वही सुरू केली, शाळेची दोनशे पानी. डाव्या पानावर वर काय फवारलं आणि कधी, उजव्या पानावर पऱ्यात काय दिसलं. डावं पान करारदार स्वतः सांगतो, अजून तरी. पहिली नोंद आठ फेब्रुवारीची, ती सासूबाईंनी सांगितली तशी लिहिली आहे.

पागवाला (२ मार्च, रात्री ९:०५)

ताई, तशीच वही आम्ही खाडीच्या तोंडाला ठेवतो. तुमचं उजवं पान आणि आमचं, दोन्ही महिन्याला एकदा शेजारी ठेवून बघू. नाल्यांच्या तोंडाशी बसायला चार पोरं तयार आहेत, रात्रीचीही. शिरगाववाले, गडद बाटल्या कुठे मिळतील?

शिरगाव_मत्स्य (२ मार्च, रात्री ९:४०)

माझ्याकडे बारा आहेत, धुऊन ठेवलेल्या. येत्या शनिवारी येतोय. भरतीचं वेळापत्रक बघून वेळ कळवा, ओहोटी लागताना भाट्याच्या पुलाखाली भेटू. बर्फ बंदरावरून घेऊन या, निदान दोन लाद्या.